कोतवाल बुकातल्या दोन ओळी

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना आमच्या कचेरीतल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी संगणकावर चढवायचं काम निघालं. टायपिंग झालं, पण शोधायला गेलं की नावं सापडेनात. एकच नाव दहा कोतवालांनी दहा तऱ्हांनी लिहिलेलं. तेव्हा जिल्ह्याहून एक तरुण इंजिनीअर मुलगी आली. माझ्या शेजारी खुर्ची ओढून तिनं पायथॉन नावाच्या भाषेत चार ओळी लिहिल्या आणि मला समजावून सांगू लागली.

"मॅडम, ह्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. अक्षराची खात्री नसेल तिथं टिंब द्यायचं. दोन-तीन अक्षरांपैकी एखादं असेल, तर ती चौकोनी कंसात लिहायची. एखादं अक्षर असेल किंवा नसेल, तर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. असा साचा दिला की त्यात बसणारी सगळी नावं संगणक काढून देतो."

मी हसले. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.

"अगं, हे येतं मला," मी म्हटलं. "विशीत शिकले. पेन्सिलीनं."

तिचा विश्वास बसला नसावा. पण तासाभरानं तीच अडली. टिंबाच्या जागी 'का' किंवा 'मी' असं काही आलं की तिचा साचा चुकायचा, कारण संगणकाच्या लेखी 'का' हे एक अक्षर नसून दोन चिन्हं असतात, एक क आणि एक काना. मी तिला सांगितलं, "माझ्या टिंबात अक्षर काना-मात्रा-वेलांटीसकट मावायचं. तुझ्याही टिंबाला तेवढी जागा कर." मग टिंबाच्या जागी तिनं 'एक अक्षर आणि त्याच्यामागे येतील तेवढ्या मात्रा' असा साचा लिहिला. नावं भराभर खाली येऊ लागली.

"तुम्हाला कुणी शिकवलं हे?" तिनं विचारलं. तिला तेव्हा दोन वाक्यांत सांगितलं. पण ती गोष्ट दोन वाक्यांची नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी मॅट्रिक होऊन तालुक्याच्या कचेरीत नक्कल-कारकून म्हणून लागले. कचेरीत बाई अशी मी एकटीच. मला कुठं बसवायचं हा साहेबांपुढे प्रश्नच होता. शेवटी त्यांनी मला मागच्या रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. तिथं लाल कापडात बांधलेले कागदांचे रुमाल छतापर्यंत रचलेले होते आणि त्यांच्यामध्ये एक वयस्कर रेकॉर्ड-कीपर बसलेले असायचे. सगळी कचेरी त्यांना भाऊसाहेब म्हणायची. मीही तेच म्हणू लागले. ते मला पहिले पंधरा दिवस "अहो बाई" म्हणाले, नंतर "पोरी" म्हणू लागले.

भाऊसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोर कुणी आहे एवढं कळायचं, पण शाईची ओळ दिसायची नाही. ऑपरेशनला नगरला जायचं, तर महिनाभर रजा हवी, आणि ते नसले की रेकॉर्ड रूम कोण सांभाळणार, म्हणून ते पुढे ढकलत होते. कोणत्या गावचा रुमाल कुठे आहे, कुठल्या कोतवालाचं अक्षर कसं आहे, हे सगळं त्यांना पाठ होतं. मी वाचायचं आणि त्यांनी सांगायचं, असं आमचं काम आपोआप ठरून गेलं.

आमच्याकडे लोक यायचे ते मुख्यतः जन्माच्या नोंदीची नक्कल मागायला. त्या काळी गावात मूल जन्मलं की कोतवाल आपल्या बुकात तारीख, बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच लिहायचा. मुलाचं नाव तेव्हा ठेवलेलंच नसायचं. म्हणजे शोधायचं ते बापाचं नाव, आणि ते कोतवालाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. काही पानं मोडीत, काही बाळबोध. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द कुठं तुटतो तेही कळत नाही. मी पहिल्या आठवड्यात चार लोकांना "नोंद नाही" म्हणून परत पाठवलं. भाऊसाहेबांनी पाचव्याला थांबवून घेतलं आणि मला जवळ बोलावलं.

"काष्टी लिही," ते म्हणाले.

मी त्या गावाचं नाव लिहिलं.

"आता गावातला माणूस हे कसं म्हणेल, तेही लिही."

मी लिहीत गेले. काश्टी, कास्टी, काष्ठी, कास्टि. एका पाठकोऱ्या कागदावर सात-आठ काष्ट्या झाल्या.

"बघ आता. 'का' कुठंच बदलत नाही. तो तसाच ठेव. मधल्या अर्ध्या अक्षराला ष, श आणि स एका चौकटीत घाल. शेवटी ट आणि ठ दुसऱ्या चौकटीत. वेलांटी पहिली की दुसरी, ते बघूच नकोस. झालं. आता ही एक आकृती डोळ्यांपुढे धर आणि पान वरून खाली बघत जा. शब्द वाचायचा नाही. आकृती जुळते का, एवढंच बघायचं."

ह्या खुणा त्यांनी स्वतःच बसवलेल्या होत्या, तीस वर्षांच्या नोकरीत, गरज पडेल तशा. खात्री नसलेल्या अक्षराला टिंब. दोहोंपैकी एक असेल तर चौकट. असेल-नसेल अशा अक्षराखाली बारीक गोल. आणि नावाच्या शेवटी काय असेल ते ठाऊक नसलं, तर एक लांब फराटा. त्याला ते 'शेपूट मोकळं सोडणं' म्हणायचे.

मी उत्साहानं पहिली आकृती केली ती सगळी टिंबांचीच. तिच्यात अख्खं गाव सापडलं. भाऊसाहेब पोटभर हसले. दुसऱ्या दिवशी मी एकही टिंब दिलं नाही, तर कोणीच सापडलं नाही. "खात्री किती आणि शंका किती, हे आधी ठरव," ते म्हणाले. "शंका जिथं आहे तिथंच धर. उगाच सगळ्यांवर संशय घेऊ नकोस."

मग दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या. कचेरीतले निम्मे लोक दुष्काळी कामांवर पाठवले गेले आणि रेकॉर्ड रूममध्ये आम्ही दोघंच उरलो. शिपाईसुद्धा नाही. माठात मीच पाणी भरायचे, अर्धा माठ.

त्या उन्हाळ्यात एक मुलगी आली. सडपातळ, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, हातात शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. तिला नगरला नर्सबाईच्या कोर्सला जायचं होतं. सतरा वर्षं पुरी हवी होती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी नेहमीप्रमाणे एक जून ही जन्मतारीख लावून दिलेली, तीही एका वर्षानं पुढची. त्या कागदानं ती सोळाच वर्षांची ठरत होती.

"आई म्हनती, मी दीक्षेच्या आदल्या थंडीतली हाये," ती म्हणाली. "मंग सतरा झालीच की नाय?"

दीक्षा म्हणजे छप्पन्न सालची धम्मदीक्षा. हिशेब बरोबर होता. पण बोलण्यावर नक्कल निघत नाही. ती याआधी दोनदा येऊन गेली होती आणि बाहेरच्या खोलीतल्या समोरच्या टेबलावरच्या कारकुनानं दोन्ही वेळा "नोंद आढळत नाही" असा शेरा मारून तिला परत पाठवलं होतं. आठ मैल चालत यायची. फॉर्म पोचायला तीन आठवडे राहिले होते.

तिच्या अर्जावरचं आडनाव मी वाचून दाखवल्यावर भाऊसाहेबांनी विचारलं, "हे आडनाव पहिल्यापासूनचं आहे का, बाळ?"

"न्हाई. दीक्षेनंतर वडलांनी बदललं."

"आणि वडिलांचं नाव?"

तिनं सांगितलं. छान तीन अक्षरी नाव, शेवटी 'राव' लावलेलं. वडील तीन वर्षांपूर्वी वारले होते.

ती गेल्यावर मी आकृती करायला घेतली. नावात एक ण होता, तो गावात न होणार, म्हणून दोन्ही चौकटीत घातले. पुढे 'राव' म्हणत लिहिलं.

"ते पूस," भाऊसाहेब म्हणाले.

"का?"

त्यांनी हातातला रुमाल खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या काळच्या बुकात त्यांच्या वस्तीतल्या माणसाला राव कोण लिहिणार, पोरी? राव तर नाहीच. नावाचं शेवटचं अक्षर तोडून त्याला 'या' लावायचे. गुराला हाक मारतात तसं. मीसुद्धा नवा असताना तशा नकला केल्यात, काही न वाटता." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "शेपूट मोकळं सोड."

मी शेवटचं अक्षर आणि राव पुसून तिथं फराटा ओढला. रबराचा डाग कागदावर राहिला, तो मला अजून दिसतो.

बापाच्या गावचं बुक मी दोन दिवस पालथं घातलं. आकृती कुठंच जुळेना. तिसऱ्या दिवशी मुलगी आली आणि दाराशी उभी राहिली. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. ती पिशवी काखेत मारून निघाली.

"थांब," भाऊसाहेबांनी हाक दिली. "तू आईचं पहिलं मूल का?"

"व्हय."

"मग पहिलटकरीण सासरी कशाला बाळंत होईल? आईचं माहेर कुठलं?"

काष्टीच्या पुढचं एक लहानसं गाव तिनं सांगितलं. मी कपाळावर हात मारला. इतकी साधी गोष्ट, आणि मी बाई असून मला सुचली नव्हती. तिला म्हटलं, "परवा ये. येताना आईला आण."

तो रुमाल अगदी वरच्या फळीवर होता. बुकाला कसर लागलेली, पण त्या थंडीची पानं शाबूत होती. मोडी अक्षर, घाईचं. मी वाचायचं सोडून दिलं आणि भाऊसाहेबांनी शिकवलं तसं नुसती आकृती धरून बोट खाली सरकवत गेले. तीन नावं जुळली आणि गळली. एक बाप दुसऱ्याच जातीचा, दोन ठिकाणी मुलगा. मग माघातल्या एका दिवसावर बोट थांबलं. पहिलं अक्षर तेच. दुसरं न, ण नव्हे. पुढचं अक्षर तोडून लावलेलं 'या'. जुनं आडनाव. मुलगी.

"भाऊसाहेब, सापडली!" मी ओरडलेच.

"वाच."

मी वाचलं. मग खालची ओळ वाचली आणि थांबले. खालची ओळही तीच होती. तीच तारीख, तोच बाप, मुलगी.

"कोतवालानं दोनदा लिहिलंय," मी म्हटलं. "चुकून."

"आकृतीत दोन ओळी जुळल्या, तर दोन्ही खऱ्या धरून चालायचं. एक खोटी आहे हे आधी सिद्ध कर." त्यांचा आवाज हळू झाला होता. "मरणाचं बुक काढ. त्याच गावचं, पुढचा महिना."

मी काढलं. तीच आकृती धरली. तिसऱ्याच पानावर होती. त्याच बापाची मुलगी, वय अकरा दिवस.

मी त्या ओळीवरून बोट उचललं. बाहेर कुणीतरी अन्नधान्याच्या यादीवरून भांडत होतं.

"तिला ठाऊक असेल का?" मी विचारलं.

"मुलीला नसेल. आईला असणारच."

"मग सांगायचं?"

"मागितलंय तेवढं द्यायचं," ते म्हणाले. "पण कुणी विचारलं, तर लपवायचं नाही. बुक आपलं नाही, त्यांचं आहे."

तिसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. आई खडी फोडायच्या कामावर होती. दोन्ही हातांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या, पापण्यांवर दगडाची धूळ. ती उंबऱ्याच्या बाहेरच टेकली. भाऊसाहेब उठले, चाचपडत माझी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बाई, आत या. इथं बसा." ती बसेना. शेवटी मुलीनं तिचा दंड धरून तिला बसवलं.

मी बुक उघडलं. नाव वाचायची वेळ आली. मी नुसतंच "वडिलांचं नाव" म्हणून पुढे जायला लागले.

"काय लिव्हलंय ते वाचा, ताई," आई म्हणाली. "आमाला ठावं हाय कसं लिव्हायचे."

मी वाचलं. मुलीचा चेहरा तांबडा झाला, पण आई हलली नाही. तिनं विचारलं, "येकीचंच हाय का दोघींचं?"

मुलीनं आईकडे पाहिलं. "दोघी कोन?"

मी भाऊसाहेबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "दोघींचं आहे, मावशी," मी म्हटलं. "एकाखाली एक."

तिनं हात पुढे केला, मग चिंध्यांकडे बघून मागे घेतला. "मळंल."

"मळू दे," भाऊसाहेब म्हणाले.

मी तिचं बोट धरून त्या दोन ओळींवर ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. बोट पहिल्या ओळीवरून शेवटपर्यंत गेलं, परत आलं, मग दुसऱ्या ओळीवरून गेलं. ती रडली नाही. एकदम खूप बोलायला लागली.

"जुळ्या हुत्या. ही धडधाकट, ती पाखरागत. अकरा दीस हुती. अकराव्या दिशी दूध वढंना. माज्या बापानं ओढ्याकडंला नेली. मला वाटायचं, माज्याबिगर ती कुनालाच ठावं न्हाई. ह्यांनी बी कधी नाव काढलं न्हाई. मीच म्हनायचे, झाली हुती का मला निसता भास झाला?" ती पुन्हा ओळीवर वाकली. "सरकारात लिव्हलंय म्हंजी झाली हुती."

"मला कधी सांगितलं न्हाईस," मुलगी म्हणाली.

"काय सांगू? तुला पाजून तिला दूध उरलं न्हाई, आसं सांगू?"

मुलगी खाली बसली आणि आईच्या गुडघ्याला धरून राहिली. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि मला विचारलं, "ताई, ह्यात वरची मी का खालची?"

मी पुन्हा बुकावर वाकले. दोन्ही ओळी अक्षर न् अक्षर सारख्या होत्या.

"खालची," आई म्हणाली. "तू मागून आलीस. ती तुजी थोरली."

मी खालच्या ओळीची नक्कल केली. बापाचं नाव बुकात होतं तसंच उतरवावं लागलं. नकलेत एक अक्षर बदलता येत नाही. पण सोबतचं पत्र भाऊसाहेबांनी स्वतः लिहायला घेतलं. कितीतरी महिन्यांनी त्यांनी टाक हातात धरला होता. मोठमोठ्या, वर-खाली होणाऱ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं की वरील नोंदीत उल्लेखिलेले गृहस्थ म्हणजे अर्जदार मुलीचे वडील, आणि पुढे श्री. लावून, राव लावून, नवीन आडनावासकट त्यांचं पुरं नाव लिहिलं. नावातला ण त्यांनी दोनदा गिरवला. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं मला आणखी एकदा वाचायला लावलं.

त्या उठल्या तेव्हा आई घुटमळली. "दुसरीचा बी कागुद मिळंल का?"

नकलेच्या अर्जात एक रकाना असतो, नक्कल कोणत्या कामी हवी. शाळा, कोर्ट, जमीन, काहीतरी लिहावंच लागतं, त्याशिवाय साहेब सही करत नाहीत. मी लेखणी धरून बसले. मग भाऊसाहेबांना विचारलं, "इथं काय लिहू?"

"खरं ते लिही," ते म्हणाले. "आईस हवी म्हणून."

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. वर माझ्याकडे बघितलं. मग सही केली.

मुलीला प्रवेश मिळाला. पहिल्या सुट्टीत ती निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत कचेरीत आली आणि सगळ्यांना पेढे दिले, समोरच्या टेबलावरच्या कारकुनालासुद्धा. तेव्हाच तिनं भाऊसाहेबांचे डोळे उजेडाकडे वळवून बघितले आणि एखाद्या मोठ्या डॉक्टरणीसारखं दटावलं, "आता किती थांबणार? पुढच्या महिन्यात शिबिर आहे. मी नाव घालते." एवढी वर्षं कुणाचं न ऐकणारे भाऊसाहेब तिच्यापुढे कबूल झाले. ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा लावून ते परत आले, रेकॉर्ड रूमच्या दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू एवढी बारीक आहेस होय? मला वाटलं होतं चांगली गुबगुबीत असशील."

वर्षभरानं ते निवृत्त झाले. जाताना त्यांनी खुणांच्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. त्यांच्या जागी मी बसले.

त्या बाईची आणि माझी पुढे अनेक वर्षं बाजारात गाठ पडत राहिली. ती मला पिशवीत मूठभर शेंगा घालायची आणि मी नको म्हणायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "मावशी, त्या थोरलीला तुम्ही काही नाव ठेवलं होतं का?"

"बारसं कुठलं? अकरा दिसांत काय व्हतंय," ती म्हणाली. मग पिशवीचं तोंड बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पर मी मारायचे हाक."

आणि तिनं ते नाव सांगितलं. दोन अक्षरी होतं.